आव, क्षय आणि तिसरा आजार

औंढा नागनाथाचे देऊळ पाहायला आलेला माणूस आधी भिंतींवरची शिल्पे पाहतो आणि मग 'हेमाडपंती' हा शब्द उच्चारतो. मी याच गावचा. शाळेत चौतीस वर्षे इतिहास शिकवला. मुलांना देवळाभोवती फिरवताना मी विचारायचो, हेमाडपंत कोण? उत्तर ठरलेले असे: चुना न वापरता दगडात दगड बसवून देवळे बांधणारा. एखादा मोडी लिपीचे नाव घेई, एखादा बाजरीचे. एक गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसे. देवगिरीच्या महादेवराव आणि रामदेवराव यादवांचा हा प्रधान, तेराव्या शतकातला हेमाद्री पंडित, वैद्यकाचाही व्यासंगी होता. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर त्याने 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली आणि आयुर्वेदाचे अभ्यासक आजही तिचा आधार घेतात.

ज्या ग्रंथावर हेमाद्रीने टीका लिहिली, त्याच्या निदानस्थानातला आठवा अध्याय अतिसार आणि ग्रहणी या पोटाच्या विकारांचा आहे. अध्यायाच्या शेवटी वाग्भटाने आठ महारोग सांगितले आहेत: वातव्याधी, मुतखडा, कुष्ठ, मेह, उदर, भगंदर, मूळव्याध आणि ग्रहणी. हे आठही पार करायला अतिशय कठीण, असा त्याचा अभिप्राय. यातली शेवटची तीन दुखणी पचनमार्गाची आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पोटाचे दुखणे म्हणून आपण ज्याला सहज बाजूला सारतो, त्याला जुन्या वैद्यांनी कुष्ठाच्या आणि मेहाच्या पंगतीला बसवले होते.

आज मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, त्याला डॉक्टर इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, थोडक्यात आयबीडी म्हणतात. मराठीत आपण त्याला आतड्याचा दाहविकार म्हणू. तो मला स्वतःला वीसहून अधिक वर्षे आहे. मी डॉक्टर नाही, पण इतिहासाचा माणूस म्हणून मी या दुखण्याच्या मागे लागलो आणि जे हाती आले ते असे, की या आजाराचा इतिहास हा मुख्यतः नावांचा इतिहास आहे. बाहेरून सारखी दिसणारी तीन दुखणी वेगवेगळी ओळखायला माणसाला फार काळ लागला. नाव चुकले की औषध चुकते, आणि या आजारात चुकलेले औषध जिवावर बेतू शकते.

एका लक्षणाची अनेक दुखणी

आपल्या मराठवाड्यात पोट बिघडण्याला शब्दांची कमतरता नाही. हगवण लागली, जुलाब झाले, मुरडा आला, आव पडली, रक्ती आव झाली, आणि दुखणे महिनोन् महिने रेंगाळले की 'संग्रहणी' झाली. हे सगळे शब्द दिसणाऱ्या लक्षणाचे आहेत. आत काय बिघडले, ते यातून कळत नाही.

जुन्या वैद्यांपुढेही हीच अडचण होती. आमाशय आणि पक्वाशय यांच्यामध्ये ग्रहणी आहे, ती जठराग्नीचे घर आहे, ती अन्न धरून ठेवते आणि पचल्यावर पुढे सोडते, अशी त्यांची मांडणी. अग्नी मंदावला की अन्न अर्धेकच्चे बाहेर पडते. कधी पातळ, कधी घट्ट. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पंधरावा अध्याय ग्रहणीचा आणि एकोणिसावा अतिसाराचा आहे. ग्रहणीत ताकाची महती चरकाने मोठ्या आवडीने सांगितली आहे. कुड्याची साल, इंद्रजव, कोवळे बेलफळ ही औषधे आपल्या आज्यांच्या बटव्यापर्यंत आली ती याच परंपरेतून.

पण ग्रहणी म्हणजेच आजचा आयबीडी, असे कुणी म्हणू नये. त्या एका नावाखाली बरीच दुखणी एकत्र होती. आतडे उघडून किंवा आत डोकावून पाहण्याची सोय नसताना त्यांची विभागणी होणे शक्यही नव्हते. एक गोष्ट मात्र वैद्यांनी अचूक टिपली होती. चार दिवसांची हगवण वेगळी आणि वर्षानुवर्षे मागे लागणारे, माणसाला वाळवणारे दुखणे वेगळे. महारोगांत त्यांनी दुसऱ्याला बसवले.

एकोणिसाव्या शतकात हिंगोलीला निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्या काळी हिंदुस्थानातल्या कुठल्याही छावणीत लढाईइतकीच धास्ती आवेची आणि पटकीची असे. सैनिक मरत होते म्हणून संशोधनाला पैसा मिळाला, हे कटू असले तरी खरे आहे. १८७५ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे फेडोर लॉश यांना आवेच्या रुग्णाच्या मलात अमीबा दिसला. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. १८९७ च्या साथीत जपानच्या कियोशी शिगा यांनी आवेचा आणखी एक जंतू शोधला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आणि १९१२ मध्ये आपल्या कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी इपेकॅक या वनस्पतीतून निघणाऱ्या एमेटिनचे इंजेक्शन अमीबाच्या आवेवर गुणकारी ठरते, हे दाखवले.

म्हणजे विसावे शतक सुरू होता होता दोन नावे पक्की झाली: जंतूंची आव आणि आतड्याचा क्षय. दोन्हींचे जंतू सापडले, पुढे दोन्हींवर औषधेही आली. पण काही रुग्ण असे उरले, की ज्यांच्या आतड्यात व्रण होते, रक्त जात होते आणि जंतू मात्र एकही सापडत नव्हता.

विषप्रयोगाचा खटला

या तिसऱ्या आजाराची कागदोपत्री पहिली ठळक नोंद सापडते ती लंडनच्या एका खुनाच्या खटल्यात. इझाबेला बँक्स नावाची बेचाळीस वर्षांची बाई १८५९ च्या मे महिन्यात वारली. अनेक आठवडे तिला उलट्या आणि रक्ती जुलाब होत होते. तिच्याशी संसार मांडून राहणारा थॉमस स्मेथर्स्ट हा डॉक्टर. त्याची पहिली बायको हयात होती आणि इझाबेलाच्या पैशावर त्याचा डोळा होता, असे दिसत होते. संशयाला एवढे पुरेसे होते. आल्फ्रेड स्वेन टेलर या त्या काळच्या नामवंत विषतज्ज्ञाने तपासणीत आर्सेनिक सापडल्याचे सांगितले. पुढे लक्षात आले की, त्यांनी चाचणीसाठी वापरलेल्या तांब्यातच आर्सेनिक होते. तरीही ऑगस्टमध्ये स्मेथर्स्टला फाशीची शिक्षा झाली.

इझाबेलाचे आतडे तपासणाऱ्यांत गाईज रुग्णालयाचे सॅम्युअल विल्क्स होते. त्यांनी आतड्याला आलेली सूज आणि व्रण यांचे वर्णन त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात पत्ररूपाने छापले. डॉक्टरांमध्ये आणि वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, गृहमंत्र्यांनी पुन्हा वैद्यकीय मत मागवले आणि स्मेथर्स्टला खुनाच्या आरोपातून माफी मिळाली. दोन बायका केल्याबद्दल मात्र त्याला वर्षभराची सक्तमजुरी भोगावी लागली. विल्क्स यांच्या त्या पत्रापासून 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' या नावाचा इतिहास सांगतात. गंमत अशी की, ते वर्णन वाचून पुढच्या अनेक तज्ज्ञांना तो बहुधा क्रोन्स हा दुसरा प्रकार असावा असे वाटले.

हा दुसरा प्रकार ओळखायला आणखी पाऊणशे वर्षे लागली. १९१३ मध्ये ग्लासगोचे शल्यचिकित्सक केनेडी डॅलझिएल यांनी आतडे जाड आणि कडक होणाऱ्या रुग्णांबद्दल लिहिले. दिसायला हे क्षयासारखे, गुरांना होणाऱ्या जोन्स रोगासारखे. पण क्षयाचा जंतू सापडत नाही, असे त्यांनी नोंदवले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तो लेख मागे पडला. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी चौदा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यातले बरेच रुग्ण आतड्याच्या क्षयाच्या संशयावरून शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेले. लेखकांची नावे वर्णानुक्रमाने छापली गेली, क्रोन यांचे नाव आधी आले आणि तेच आजाराला चिकटले. तेही तिथेच सोडून जगाला ते नाव कळले १९५६ मध्ये. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर त्या जूनमध्ये याच आजारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले.

दोन्ही आजारांतला फरक सोपा करून सांगतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्याला होतो, गुदद्वाराजवळून सुरू होऊन सलग वर चढतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. म्हणून त्यात रक्त आणि आव पडते, सारखी घाई लागते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मध्ये मध्ये निरोगी भाग सोडून होतो आणि आतड्याच्या भिंतीची पूर्ण जाडी धरतो. म्हणून त्यात आतडे अरुंद होणे, पोट दुखून फुगणे, वजन घटणे आणि भगंदर होणे असे प्रकार घडतात. दोन्हींत शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच आतड्यावर उलटते. आनुवंशिकता, आतड्यातले जिवाणू आणि राहणीमान यांची त्यात गुंतागुंत आहे. हा आजार संसर्गजन्य नाही. ताटात ताट जेवल्याने तो होत नाही.

आपल्याकडे उशीर का झाला?

अनेक वर्षे आपल्याकडे हा गोऱ्या लोकांचा आजार समजला जाई. कारण उघड होते. ज्या देशात आव आणि क्षय दोन्ही घरोघरी, तिथे रक्ती जुलाब म्हटले की आव आणि वजन उतरून पोट दुखले की टीबी, हीच दोन उत्तरे आधी सुचणार. बहुतेक वेळा ती बरोबरही असत. १९७२ मध्ये दिल्लीच्या एम्समधील टंडन आणि प्रकाश यांनी आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची सूक्ष्मदर्शकाखालची तुलना करून दोघांत फरक कसा करावा हे मांडले. १९९२ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर शहरात स्थायिक झालेल्या भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अल्सरेटिव्ह कोलायटिस त्यांच्यात तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा कमी नव्हे, तर जास्त होता. आणि २००३ मध्ये लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबमधील ५१,९१० लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात २३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. म्हणजे लाखात सुमारे ४४. 'आपल्याकडे नसतो' हे म्हणणे तिथे संपले.

त्याच २००३ साली माझ्या दुखण्यालाही नाव मिळाले. त्याआधी दीड वर्ष मला आव आहे असे ठरलेले होते. गोळ्यांचा कोर्स झाला की आठवडाभर बरे वाटे, पुन्हा तेच. मग एका ठिकाणी मूळव्याधीचे मलम मिळाले, दुसरीकडे रक्त वाढवायच्या गोळ्या. वर्गात शिकवताना मध्येच घाई लागे. मी मॉनिटरला धडा मोठ्याने वाचायला लावून बाहेर पडायचो. परभणीला एस.टी.ने जायचे तर आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचे. महाशिवरात्रीच्या यात्रेत गावात पाय ठेवायला जागा नसते. ते दिवस मी घरात काढले. शेवटी एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला आणि डॉक्टरांनी कागदावर नाव लिहून दिले. आजार आयुष्यभराचा आहे, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितले. खोटे वाटेल, पण मला हलके वाटले. दीड वर्षानंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या दुखण्याला ओळखले होते.

याची दुसरी बाजूही माझ्या समोर घडली. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला अशीच लक्षणे होती: पोट दुखणे, संध्याकाळचा ताप, वजन घटलेले. माझी हकीकत तिच्या वडिलांनी ऐकली होती. 'गुरुजी, तुमचीच औषधे हिला चालतील का?' असे विचारायला ते आले. मी त्यांना तपासणीला पाठवले. तिला आतड्याचा टीबी निघाला. सहा महिने टीबीची औषधे घेऊन ती पूर्ण बरी झाली. माझ्याकडच्या स्टेरॉइडच्या गोळ्या तिने घेतल्या असत्या, तर तिचा टीबी भडकला असता. तीच गोष्ट अमीबाची. या तीन आजारांपैकी एकाचे औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते, म्हणून नाव आधी आणि औषध नंतर, हा क्रम सोडून चालत नाही.

आजही टीबी आणि क्रोन्स यांतला फरक तज्ज्ञांना पहिल्या तपासणीत सांगता येतोच असे नाही. दुर्बीण, तुकडा तपासणी, सीटी स्कॅन, टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी एवढे सगळे करूनही शंका उरली, तर आपल्याकडचे डॉक्टर आधी टीबीची औषधे सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. व्रण भरले तर टीबी, नाही भरले तर क्रोन्सचा विचार. तुमच्या घरी कुणाच्या बाबतीत असे झाले, तर डॉक्टर चाचपडत आहेत असे समजू नका. आपल्या देशातल्या अनुभवातून तयार झालेली ती शिस्त आहे.

औषधे कशी आली

औषधांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातला प्रत्येक टप्पा आजच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर असतो. स्वीडनच्या नॅना स्वार्ट्झ या डॉक्टर बाईंनी संधिवातासाठी सल्फासॅलझिन हे औषध घडवून घेतले आणि १९४२ मध्ये ते कोलायटिसवर चालते, हे प्रसिद्ध केले. ते नेमके कसे काम करते, हे कळायला १९७७ साल उजाडले. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे, आताच्या बांगलादेशचे ए. के. आझाद खान आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले की, या औषधाचे दोन भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू वेगळे करतात आणि खरे काम त्यातला एकच भाग करतो. तो भाग वेगळा काढून मेसालामिनच्या गोळ्या आल्या. मी गेली कित्येक वर्षे त्याच घेतो.

१९५५ मध्ये ऑक्सफर्डच्याच ट्रुलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कॉर्टिसोनची चाचणी पूर्ण केली. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४१ टक्के रुग्णांचा आजार सहा आठवड्यांत शमला. न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. तीव्र झटक्यात माणूस वाचू शकतो, हे तेव्हा सिद्ध झाले. पण स्टेरॉइड म्हणजे आग विझवणारा बंब. आग विझल्यावर बंब घरात ठेवत नाहीत. वर्षानुवर्षे घेतले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. म्हणून पुढे अझाथायोप्रिनसारखी औषधे आली आणि १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब या जैविक औषधाला परवानगी मिळाली. आता अशा काही औषधांच्या भारतीय आवृत्त्याही निघतात, त्यामुळे किंमत उतरली आहे. तरी सामान्य घराला ती जडच जाते. शरीरात झोपलेला टीबी ही औषधे जागा करू शकतात. त्यामुळे ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते. क्षयाने या आजाराची पाठ इथेही सोडलेली नाही.

काहींना शस्त्रक्रिया लागते. कोलायटिसमध्ये मोठे आतडे पूर्ण काढले, तर आतड्याचा तो आजार संपतो. क्रोन्समध्ये तो दुसरीकडे पुन्हा डोके वर काढू शकतो. पोटावर पिशवी लावावी लागली तरी माणूस शेती करतो, नोकरी करतो, संसार करतो. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी या शस्त्रक्रियेत केलेल्या सुधारणेमुळे असे जगणे पुष्कळ सुसह्य झाले.

घरात पाळायच्या गोष्टी

आता थोडे व्यवहाराचे. तीन-चार आठवडे उलटूनही जुलाब थांबत नसतील, शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठून जावे लागत असेल, वजन घटत असेल, तर आवेचे कोर्स पुन्हा पुन्हा न घेता तपासणी मागा. सोबत सांधे दुखणे, डोळे लाल होणे, तोंडात वारंवार फोड येणे असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यांचा या आजाराशी संबंध असू शकतो. मलाची तपासणी, हिमोग्लोबिन, सीआरपी, मलातील कॅलप्रोटेक्टिन या चाचण्यांतून दिशा कळते. निर्णय बहुधा दुर्बिणीने आणि तुकड्याने होतो.

आजार आधीच माहीत असेल, तर ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये आखलेली एक रेघ आजही उपयोगी आहे. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, आणि जोडीला ताप किंवा मिनिटाला नव्वदहून जास्त नाडी, असे झाले तर घरी सलाईन लावून घेण्यात वेळ घालवू नका. मोठ्या रुग्णालयात भरती व्हा.

बरे वाटू लागले की गोळ्या बंद करणे, हा आपल्याकडचा मोठा घात आहे. रक्त थांबले म्हणजे आजार गेला असे नाही, तो झोपलेला असतो. झोपलेला ठेवण्यासाठीच रोजची गोळी आहे. अंगदुखीवरच्या साध्या वेदनाशामक गोळ्यांनीही आजार उसळू शकतो, म्हणून त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. क्रोन्समध्ये बिडी-सिगारेट फार वाईट. आजार मोठ्या आतड्यात बऱ्याच भागात पसरलेला असेल, तर साधारण आठ वर्षांनंतर ठरावीक काळाने दुर्बिणीने तपासत राहावे, कारण कर्करोगाची शक्यता वाढते आणि लवकर सापडला तर तो काढता येतो. बाईमाणसांनी हेही लक्षात ठेवावे, की आजार शांत असताना मूल होऊ देण्यास बहुधा अडचण येत नाही. मात्र चालू औषधांबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे, परस्पर बंद करू नयेत.

खाण्याबद्दल सगळेच विचारतात. सगळ्यांना लागू होईल असे एकच पथ्य नाही. आजार उसळलेला असताना मऊ भात, मुगाचे वरण, शिजवलेली दुधी यांवर राहावे. आतडे अरुंद झाले असेल तर शेंगदाणे, हरभरे, कच्ची कोशिंबीर टाळावी. शांत काळात बहुतेकांना भाकरी-भाजी चालते. चरकाने नावाजलेले ताक मला मानवते. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी आपल्या पोटाला विचारावे. भीतीपोटी एकेक पदार्थ सोडत गेलात तर आजाराआधी उपासमारच माणसाला झोपवेल. आयुर्वेदाची औषधे घ्यायची तर शिकलेल्या वैद्याकडून आणि आपल्या डॉक्टरांना सांगून घ्या. नाव न लिहिलेली पुडी मात्र कुणाचीही घेऊ नका. तिच्यात स्टेरॉइड आहे की आणखी काही, हे तुम्हाला कळायचा मार्ग नसतो.

मराठवाड्यात आता आधीपेक्षा रस्ते जवळचे झाले आहेत. १९५६ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, १९७४ मध्ये अंबाजोगाईला, १९८८ मध्ये नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या दहा नव्या महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत आपल्या हिंगोलीचेही नाव आहे. खर्चाची अडचण असेल तर शासकीय योजनेत आपले उपचार बसतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

एवढे सगळे लक्षात राहिले नाही तरी चालेल. एक प्रश्न मात्र जवळ बाळगा. पुढच्या वेळी पोटाच्या दुखण्यासाठी गेलात, औषध महिन्याहून जास्त चालले आणि तरी गुण नसेल, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा: 'साहेब, माझ्या आजाराचे नाव काय आणि ते कशावरून ठरले?' मिळालेले उत्तर कागदावर लिहून घ्या. तो कागद, तुकड्याचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी एका पिशवीत घालून ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)